एका संगणकांत दोन बिऱ्हाडें

पुण्याच्या जुन्या पेठांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांना वाड्यांतील बिऱ्हाडांची रीत सांगावयास नको. दिंडीदरवाजा एक, चौक एक, आड एक. परंतु आंत शिरतांच डाव्या हातास एका कुटुंबाचें बिऱ्हाड आणि उजव्या हातास दुसऱ्याचें. एकाकडे कांदालसूण वर्ज्य, तर दुसऱ्याकडे पहाटेपासून पेटीचे सूर. तरीहि वर्षानुवर्षें दोघांचें बरें चाले. आणि त्याचें कारण उभयतांच्या स्वभावांत जितकें होतें, तितकेंच मधल्या भिंतींतहि होतें. चूल निराळी, फडताळ निराळें, कुलूप निराळें. जेथें एकाच स्वयंपाकघरांत दोन चुली मांडाव्या लागल्या, तेथें मात्र भांड्याला भांडें लागल्यावांचून राहिलें नाहीं.

हा दृष्टांत आज सुचण्याचें कारण आमच्या घरांतील संगणक. संगणक म्हणजे नुसता वाडा. त्यांत राहून कारभार पाहणारी, कळफलकावरील अक्षर पडद्यावर नेणारी, आपलीं कागदपत्रें जपून ठेवणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. सामान्यतः एका यंत्रांत एकच प्रणाली नांदते. परंतु एकाच यंत्रांत दोन प्रणाली ठेवाव्या आणि यंत्र सुरू करतांना आज कोणाकडे जावयाचें हें आपण ठरवावें, अशीहि सोय करतां येते. तिला ‘ड्युअल बूट’ म्हणतात. ही सोय आम्हीं केली. पहिल्या खेपेस चुकीच्या रीतीनें आणि दुसऱ्या खेपेस बऱ्या रीतीनें. दोन्ही खेपांची हकीकत येथें सांगावयाची आहे. कारण पहिल्या खेपेस आमच्या घरांतून जें गेलें, तें पैसे टाकून परत मिळणारें नव्हतें.

दोन प्रणाली कशासाठीं?

आमचें यंत्र २०१६ सालीं घेतलेलें. त्यांत विंडोज १० ही प्रणाली होती. ती २९ जुलै २०१५ रोजीं प्रसिद्ध झाली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिच्या मोफत सुरक्षा-सुधारणांचा नेहमींचा पुरवठा संपणार हें पुष्कळ आधीं जाहीर झालें होतें. त्याप्रमाणें तो संपलाहि. तिच्या पुढची विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं बाहेर पडली. परंतु तिला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची व्यवस्था व नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्राच्या वयाचीं बहुतेक यंत्रें ह्या कसोटीस उतरत नाहींत. म्हणजे यंत्र धडधाकट, हातपाय शाबूत, आणि तरीहि निवृत्त! मी स्वतः शाळेंतून नुकतीच निवृत्त झालेली. केवळ वयाकडे बोट दाखवून कोणास अडगळींत टाकावें, हें मला पटेना.

मुलगी त्या वेळीं अभियांत्रिकी महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षास होती. तिला अभ्यासासाठीं लिनक्स हवें होतें. लिनक्सची जन्मकथा आमच्या वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक असेल. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें स्वतःपुरता म्हणून ह्या प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला आणि तो जगापुढें मोकळा ठेवला. त्याच्याहि आधीं, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं ‘ग्नू’ नांवाचा प्रकल्प जाहीर केला होता. त्यांतून निर्माण झालेलीं साधनें ह्या गाभ्याला येऊन मिळालीं. आज आपल्या हातांतील अँड्रॉइड फोनच्या तळाशींहि हाच गाभा आहे. लिनक्स विकत घ्यावें लागत नाहीं, आणि जुन्या यंत्रावरहि तें समाधानानें चालतें. तेव्हां मुलीचें म्हणणें सरळ होतें: “आई, विंडोज काढून टाकूं आणि लिनक्स घालूं.”

परंतु विंडोज काढून टाकणें मला शक्य नव्हतें. त्याचें कारण सासूबाईंच्या आठवणी.

सासूबाई २०१४ सालीं, नव्वदीच्या उंबरठ्यावर असतांना वारल्या. अखेरच्या दोन वर्षांत रोज दुपारीं त्या बोलत आणि मी टंकीत असें. वाईचें माहेर, नवव्या वर्षीं पाहिलेला कृष्णामाईचा उत्सव, लग्नानंतर मामंजींच्या बदल्यांबरोबर फिरलेलीं गांवें, एकत्र कुटुंबांतील सोळा पानांची पंगत, असें सारें मिळून एकशेंएकतीस पानें झालीं. हें टंकन मीं जुन्या पद्धतीच्या मराठी अक्षरवळणांत केलें होतें. युनिकोड ही सर्व भाषांस सामावून घेणारी अक्षरांची संकेतपद्धति घरोघर रुळण्यापूर्वीं, रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीच्या आकृति बसवून मराठी उमटविण्याची युक्ति आपल्याकडे सर्रास वापरीत. ती विशिष्ट अक्षरवळणें यंत्रांत असतील तोंवर सारें ठीक; तीं नसतील तर त्याच पानावर रोमन अक्षरांचा अर्थहीन सडा पडलेला दिसतो. माझ्याकडील टंकनाची सामग्री विंडोजवरच चालणारी. म्हणून मुलीस लिनक्स हवें आणि मला विंडोज, असा पेंच होता. आणि दोन बिऱ्हाडें हाच त्यावरचा तोडगा.

पडदा आणि भिंत

आमच्या यंत्रांत माहिती सांठविण्याचा ड्राइव्ह एकच होता. एकाच ड्राइव्हचे दोन भाग पाडून दोन प्रणाली बसवितां येतात, आणि लाखों लोक तसें करतातहि. आम्हीहि तसेंच करावयाचें ठरविलें. २०२४ च्या दिवाळीच्या सुटींत एका रविवारीं मुलगी संध्याकाळीं येऊन हें काम करणार होती. तिनें आणलेला, लिनक्स बसविण्याचा पेन ड्राइव्ह टेबलावर होता. मला वाटलें, ती येईपर्यंत निम्मेंशिम्में काम आपणच करून ठेवावें. पडद्यावर प्रश्न आला: असलेल्या प्रणालीच्या शेजारीं बसवूं, कीं डिस्क पुसून बसवूं? मला वाटलें, ‘डिस्क’ म्हणजे आपण नुकताच मोकळा केलेला भाग. तो साफ करून मगच नवें बिऱ्हाड आणावें, हें गृहिणीच्या मनास साहजिक वाटलें. मीं होकार दिला. दहाबारा मिनिटांत यंत्रानें आज्ञेप्रमाणें काम पुरें केलें. संपूर्ण ड्राइव्ह स्वच्छ झाला होता.

आठवणींची एक प्रत पेन ड्राइव्हवर होती. परंतु ती २०१३ सालची, ब्याऐंशी पानांपर्यंतची. पुढचीं एकोणपन्नास पानें गेलीं. आमचा ड्राइव्ह फिरत्या तबकडीचा नव्हता, चीपचा होता. अशा ड्राइव्हवरून एकदां पुसलेलें परत मिळण्याची आशा फारच थोडी असते. एका जाणत्या दुरुस्तीकारानें तपासून तसेंच सांगितलें. दोष यंत्राचा नव्हता, लिनक्सचाहि नव्हता. घाई माझी होती.

मुलगी रागावली नाहीं. बराच वेळ बसून राहिली आणि म्हणाली, “आई, तेथें भिंत नव्हतीच ग, नुसता पडदा होता.” ह्या एका वाक्यांत ह्या विषयाचें सार आलें आहे. एका ड्राइव्हचे पाडलेले भाग म्हणजे खोलींत सोडलेला पडदा. एक चुकीची आज्ञा त्याच्या आरपार जाते. दोन निराळे ड्राइव्ह म्हणजे भिंत. आणि काम चाललें असतांना त्यांतील एक ड्राइव्ह यंत्रापासून सोडवूनच ठेवला, तर चूक करावयाची म्हटली तरी ती त्याच्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

यंत्र जागें कसें होतें?

हें नीट कळण्यासाठीं यंत्र जागें कसें होतें तें थोडक्यांत पाहूं. कळ दाबली कीं प्रथम मुख्य फळीवर कायमचा बसविलेला एक लहानसा कार्यक्रम उठतो. तो वाड्याचा द्वारपाल. कोणत्या ड्राइव्हवर कोणाचें बिऱ्हाड आहे हें पाहून तो पुढचा कारभार त्या प्रणालीच्या हातीं सोंपवितो. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या द्वारपालास बायोस म्हणत. तो हार्ड डिस्कच्या अगदीं पहिल्या खणांतील मजकूर वाची. हा खण केवळ ५१२ बाइटांचा; आणि त्यांतहि प्रत्यक्ष सूचनांना जागा ४४६ बाइटांची. युनिकोडच्या प्रचलित पद्धतींत देवनागरीच्या एका चिन्हास ३ बाइट लागतात; म्हणजे मराठींत लिहावयाचें तर त्या जागेंत जेमतेम दीडशें चिन्हें मावतील. एवढ्या जागेंत एकाचीच पाटी लागणार! शेवटीं जो येई तो आधींच्याची पाटी पुसून स्वतःची लावी. विंडोज पुन्हां बसविलें कीं लिनक्स नाहींसें झाल्यासारखें वाटे, तें ह्याच कारणानें.

बायोसच्या जागीं आलेली नवी व्यवस्था यूईएफआय ह्या नांवाची. तिचा कारभार पाहणारी संस्था २००५ सालीं स्थापन झाली. हींत ड्राइव्हवर एक लहानसा स्वतंत्र विभाग राखलेला असतो व त्यांत प्रत्येक प्रणाली आपापल्या कप्प्यांत आपली पाटी ठेवते. पाट्या पुसण्याचा प्रसंग त्यामुळें पुष्कळ कमी झाला. परंतु यंत्रांत एक ड्राइव्ह आधींच असेल, तर नवी प्रणाली दुसऱ्या ड्राइव्हवर बसवितांनाहि तिची पाटी पुष्कळदां पहिल्याच्या विभागांत जाऊन बसते. ही संवय विंडोजला आहे, आणि लिनक्सच्या कांहीं प्रकारांनाहि आहे. वरकरणीं दोन्ही बिऱ्हाडें स्वतंत्र दिसतात. पण पुढेंमागें पहिला ड्राइव्ह बिघडला किंवा काढला, कीं दुसऱ्याचेंहि दार बंद! म्हणूनच बसवितेवेळीं दुसरा ड्राइव्ह सोडवून ठेवावयाचा.

दुसऱ्या खेपेचा क्रम

पुढील जानेवारींत आम्हीं २४० जीबीचा दुसरा ड्राइव्ह आणला आणि काम नव्यानें केलें. जुन्या ड्राइव्हवर विंडोज पुन्हां बसविलें होतें. कारण उरलेलीं ब्याऐंशी पानें तरी वाचावयास तें हवेंच होतें. ज्यांना हें घरीं करावयाचें असेल, त्यांच्यासाठीं आमचा क्रम देतें.

प्रथम प्रत. जें जें मोलाचें आहे तें तें यंत्राबाहेरील ड्राइव्हवर उतरवून घ्यावें आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रास जोडून, पानें खरोखरीच उघडतात कीं नाहीं हें पाहावें. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे.

नंतर विंडोजमधील दोन गोष्टी पाहाव्या. तिच्या ड्राइव्हला बिटलॉकरचें कुलूप असेल, तर त्याची ४८ आंकड्यांची किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. द्वारपालाच्या व्यवस्थेंत फेरफार दिसला कीं हें कुलूप ती किल्ली मागतें. दुसरें, ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद करावी. ती चालू असतां यंत्र बंद केलें तरी विंडोज पुरतें निजत नाहीं; बिऱ्हाडकरू बाहेर गेला आहे, पण मंद आंचेवर दूध ठेवूनच गेला आहे, अशी स्थिति असते. अशा वेळीं लिनक्सनें त्या ड्राइव्हवर कांहीं लिहिलें तर माहितीची नासाडी होण्याचा संभव असतो.

मग लिनक्सचा पेन ड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. मात्र त्यावरील जुनें सारें जातें. आम्हीं मिंट हा प्रकार निवडला. विंडोजची संवय असणाऱ्यास तो परका वाटत नाहीं. ह्या पेन ड्राइव्हवरूनच यंत्र सुरू करून, कांहींहि न बसवितां, आंतरजाल, ध्वनि, छपाईयंत्र हीं नीट चालतात कीं नाहीं हें पाहतां येतें. लग्नापूर्वीं घर पाहून यावें, तसें हें आहे.

आतां यंत्र उघडावयाचें. वीज पूर्ण तोडावी, भिंतींतील खटक्यांतून तार काढावी, आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. जुन्या ड्राइव्हची तार सोडवावी आणि नवा ड्राइव्ह जोडावा. हमीची मुदत चालू असेल, तर उघडण्यापूर्वीं विक्रेत्यास विचारावें.

आतां यंत्रांत एकच ड्राइव्ह आहे, आणि तो रिकामा आहे. ‘डिस्क पुसून बसवूं काय?’ हा तोच प्रश्न पुन्हां पडद्यावर आला, तेव्हां माझा हात क्षणभर अडखळला. मुलीनें टेबलावर सोडवून ठेवलेला जुना ड्राइव्ह माझ्या ओंजळींत दिला आणि म्हणाली, “हा तुझ्या हातांत आहे. आतां खुशाल हो म्हण.” मीं हो म्हटलें.

लिनक्स बसलें, एकदां सुरू करून पाहिलें, यंत्र बंद केलें आणि जुना ड्राइव्ह परत जोडला. यंत्राच्या मूळ व्यवस्थेंत जाऊन नेहमीं कोणाकडे जावयाचें तें ठरविलें. दुसऱ्याकडे जावयाचें असेल त्या दिवशीं सुरू करतांना एक कळ दाबून यादी मागवावयाची. ही कळ कोठें एफ १२ असते, कोठें एफ ९, कोठें एफ ११ किंवा एफ ८. यंत्राच्या पुस्तिकेंत ती दिलेली असते.

शेजारधर्माच्या अडचणी

भिंत घातली म्हणजे सारेच प्रश्न मिटतात असें नाहीं. पहिल्याच आठवड्यांत सकाळीं ११ वाजतां विंडोज उघडलें, तर घड्याळ पहाटेचे ५.३० दाखवीत होतें! यंत्रांतील मूळ घड्याळ एकच. विंडोज त्यांत स्थानिक वेळ आहे असें मानतें, तर लिनक्स त्यांत जागतिक प्रमाणवेळ ठेवतें. आणि आपल्या वेळेंत व तींत साडेपांच तासांचें अंतर. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवावयास सांगितलें कीं हें भांडण मिटतें.

दुसरी अडचण येण्याजाण्याची. लिनक्सला विंडोजचा ड्राइव्ह वाचतां येतो. पण विंडोजला लिनक्सचा ड्राइव्ह स्वभावतः वाचतां येत नाहीं. दोघांना लागणारीं कागदपत्रें एखाद्या सामायिक ठिकाणीं ठेवावीं. आम्ही त्यासाठीं बाहेरचा ड्राइव्ह वापरतों.

आणि दिंडीदरवाजा एकच आहे, हें विसरून चालत नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें विंडोजच्या एका सुरक्षा-सुधारणेनें मुख्य फळीवरील ‘सिक्युअर बूट’ ह्या पहाऱ्याच्या नोंदी बदलल्या, आणि कित्येक यंत्रांवर लिनक्सला दरवाजांतच अडविलें गेलें. ती नोंद ड्राइव्हवर नव्हे, तर फळीवर असल्यामुळें, निराळ्या ड्राइव्हांचा तेथें उपयोग नव्हता. माहिती मात्र सुरक्षित राहिली, आणि नोंद दुरुस्त करतांच दरवाजा उघडला.

हा उद्योग सर्वांसाठीं नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पुष्कळ लॅपटॉपांत दुसऱ्या ड्राइव्हला जागाच नसते. केवळ ओळख करून घ्यावयाची असेल तर पेन ड्राइव्हवरील लिनक्स पुरेसें आहे. किंवा एका प्रणालीच्या पोटांत दुसरी चालवितां येते, मात्र त्यास यंत्रांत स्मृति भरपूर हवी.

आज आमच्या यंत्रांतील विंडोज आंतरजालास मुळींच जोडलेलें नाहीं. सुधारणा थांबलेल्या प्रणालीस उंबऱ्याबाहेर न पाठविणेंच बरें. तिचें काम एवढेंच: सासूबाईंचीं जुनीं पानें उघडणें. त्यांतील ब्याऐंशी पानें मीं गेल्या वर्षीं युनिकोडांत आणलीं. आतां तीं दोन्ही बिऱ्हाडांत सारखींच वाचतां येतात.

राहिलीं एकोणपन्नास. वन्सं नागपुरास असतात. त्यांचें वय आतां शहात्तर आहे. दर गुरुवारीं दुपारीं त्यांचा फोन येतो. सासूबाईंनीं मला सांगितलेलें जें मला आठवतें तें मी बोलतें, आणि त्यांनीं आईच्या तोंडून ऐकलेलें त्या बोलतात. कित्येकदां आमच्या दोघींच्या हकीकती जुळत नाहींत. सोळा पानांची पंगत त्यांच्या मतें बावीस पानांची होती. दोन्ही लिहून ठेवतें. आजवर एकतीस पानें झालीं आहेत. तीं गेलेलीं पानें नव्हेत, हें मला कळतें. सासूबाईंचा शब्द त्यांत नाहीं. परंतु दर गुरुवारीं संध्याकाळीं मी त्यांच्या तीन प्रती करतें, आणि तिसरी दुसऱ्या दिवशीं मुलीच्या यंत्रावर उघडून पाहते.